टेंपरेचर गन हाती घेतल्यावर

काही वर्षांपूर्वी मे महिन्यातल्या भर दुपारी मी नव्याने बसवलेल्या जस्ती पत्र्याच्या शेडला लावलेल्या शिडीवर उभा होतो आणि हातात तितकीच नवी टेंपरेचर गन, म्हणजे न टेकवता लांबून तापमान मोजणारे उपकरण, होती. पत्र्यावर लाल ठिपका धरून चाप ओढला, तर पडद्यावर १२ अंश सेल्सिअस असा आकडा उमटला. उपकरण बिघडले असावे असे समजून मी पत्र्याला तळहात लावला आणि तत्क्षणी मागे घेतला. त्या चटक्याचा फोड जायला आठवडा लागला. गन मात्र बिघडलेली नव्हती. कोरा चकचकीत पत्रा स्वतःची उष्णता किरणांच्या रूपाने फारच थोडी बाहेर टाकत होता आणि डोक्यावरच्या निरभ्र आकाशाचे प्रतिबिंब आरशासारखे दाखवत होता. उघडे आकाश या गनला अत्यंत थंड दिसते, म्हणून तिने माझ्यासमोर ठेवलेला आकडा बहुतांशी आकाशाचा होता आणि पत्र्याचा वाटा त्यात थोडकाच होता.

हजार-दीड हजार रुपयांपासून मिळणारे हे उपकरण आता वायरमनच्या पिशवीत, एसी दुरुस्त करणाऱ्याच्या पेटीत, शेतातल्या मोटारीजवळ आणि हौशी स्वयंपाकघरातही दिसू लागले आहे. ते वापरायला इतके सोपे आहे की चूक झाली तरी ती कळत नाही, कारण आकडा प्रत्येक वेळी तितक्याच ठामपणे येतो, दशांश चिन्हानंतरच्या एका अंकासह. म्हणून प्रत्येक मापनाच्या वेळी ‘हा आकडा नेमका कोणाचा?’ एवढा एक प्रश्न विचारण्याची सवय नवशिक्याने लावून घ्यावी. पुढे सांगितलेल्या सर्व पायऱ्या या एका प्रश्नाचे उत्तर मिळवण्यासाठीच आहेत.

गन काय करते आणि काय करत नाही

१८०० साली विल्यम हर्शेल या खगोलशास्त्रज्ञाने सूर्यप्रकाश लोलकातून पाठवून रंगपट्टीच्या निरनिराळ्या भागांत तापमापक ठेवले, तेव्हा तांबड्या रंगाच्याही पलीकडे, जिथे डोळ्यांना काहीच दिसत नव्हते, तिथे पारा सर्वांत वर चढलेला त्याला आढळला. हेच अवरक्त किरण. कोणतीही वस्तू, अगदी बर्फाचा खडासुद्धा, आपल्या तापमानानुसार हे किरण सतत बाहेर टाकत असते. गनच्या तोंडाशी असलेले भिंग हे किरण गोळा करून आतल्या संवेदकावर टाकते, संवेदक किंचित तापतो, त्यातून सूक्ष्म विद्युतदाब निर्माण होतो आणि त्यावरून आतली चिप तापमानाचे गणित करते.

यातून दोन गोष्टी निघतात. पहिली अशी की, ही गन काहीही ‘मारत’ नाही, ती फक्त घेते. तिच्यातून बाहेर पडणारा लाल ठिपका नेम धरण्यासाठी असतो आणि तो बंद केला तरी मापनात काडीचाही फरक पडत नाही. २०२० मध्ये दारोदारी कपाळावर गन रोखली जाऊ लागली, तेव्हा तिच्या किरणांनी मेंदूला इजा होते अशी अफवा पसरली होती आणि त्यामुळे पुष्कळ जण कपाळाऐवजी मनगट पुढे करू लागले होते. ताप मोजण्याच्या गनमधून तसे कोणतेही किरण डोक्यात शिरत नाहीत. उलट आपल्याच कपाळातून निघालेले किरण तिच्यात शिरतात. दुसरी गोष्ट अशी की, गनला फक्त पृष्ठभाग दिसतो. भिंतीच्या आतली पाइप, वरणाच्या पातेल्याचा तळ किंवा मोटारीच्या आतली वाइंडिंग तिला दिसत नाही आणि हवाही दिसत नाही.

आधी जिवाची काळजी

गनवरचा लेझर बहुधा ‘क्लास २’ प्रकारचा, म्हणजे १ मिलिवॉटच्या आतला असतो. अशा लेझरची तिरीप चुकून डोळ्यावर गेली तर पापणी आपोआप मिटते आणि त्यामुळे सहसा इजा होत नाही, परंतु हट्टाने त्यात पाहत राहणे किंवा मुलांच्या हाती गन खेळायला देणे हा धोका आहेच. आरसा, स्टीलची ताटली किंवा चकचकीत पाइप यांवरून लेझर परतून डोळ्यावर येऊ शकतो, म्हणून अशा ठिकाणी नेम कळल्यावर ठिपका बंद करावा. उपकरणावरच्या पिवळ्या चिठ्ठीवर लेझरचा वर्ग छापलेला असतो; ती चिठ्ठीच नसेल, तर ती गन घेऊ नये.

लांबून मोजता येते हा या उपकरणाचा मोठा गुण, आणि नेमका तोच नवशिक्याला बेसावध करतो. आकडा नीट यावा म्हणून माणूस नकळत पुढे सरकत जातो आणि हात फिरणाऱ्या पट्ट्याजवळ, उकळत्या तेलावर किंवा उघड्या तारांपाशी पोहोचतो. मापन सुरू करण्यापूर्वी आपण कुठे उभे राहणार हे ठरवावे, सैल बाही, ओढणी, गळ्यातली साखळी आवरावी आणि त्या जागेवरून आकडा येत नसेल, तर पुढे न सरकता तिथले मापन सोडून द्यावे. ज्वालाग्राही वायूची शक्यता असलेल्या जागी, उदाहरणार्थ गॅस सिलिंडरच्या गोदामात किंवा रंग-थिनर साठवलेल्या बंद खोलीत, साधी गन वापरू नये. अशा ठिकाणांसाठी वेगळी प्रमाणित उपकरणे असतात.

पहिली पायरी : गनला त्या जागेची हवा लागू द्यावी

गनचे गणित तिच्या स्वतःच्या तापमानावर अवलंबून असते. एसीच्या ऑफिसातून काढून ती थेट बॉयलरजवळ नेली किंवा उन्हात उभ्या गाडीच्या डिकीतून काढून थंड खोलीत वापरली, तर पहिली काही मिनिटे आकडे भरकटतात. जिथे मोजायचे तिथे २० ते ३० मिनिटे ती नुसती ठेवून द्यावी. पावसाळ्यात एसीतून बाहेर आणल्यावर भिंगावर दव धरते, ते पुसण्यापेक्षा आपोआप उडू देणे चांगले. बहुतेक गन ० ते ५० अंशांच्या वातावरणात वापरण्यासाठी बनवलेल्या असतात. नागपूर-चंद्रपूरकडच्या उन्हाळ्यात बंद गाडीतले तापमान ही मर्यादा सहज ओलांडते, तेव्हा गन गाडीत विसरू नये.

दुसरी पायरी : एकक आणि उत्सर्जकता पाहावी

पडद्यावर सेल्सिअस आहे की फॅरनहाइट, हे आधी पाहावे; ही चूक हास्यास्पद वाटते, पण होते. त्यानंतर उत्सर्जकता पाहावी. एखादा पृष्ठभाग आपली उष्णता किरणांच्या रूपाने किती मोकळेपणाने बाहेर टाकतो, हे सांगणारा हा ० ते १ मधला आकडा असतो. बहुतेक स्वस्त गनमध्ये तो ०.९५ वर कायमचा बसवलेला असतो आणि जरा बऱ्या गनमध्ये बदलता येतो. सुदैवाने आपल्या आजूबाजूच्या बऱ्याचशा वस्तू ०.९५ च्या आसपासच असतात: रंग दिलेली भिंत, वीट, काँक्रीट, लाकूड, रबर, कापड, तारांवरचे प्लास्टिकचे आवरण, पाणी, अन्न, माणसाची त्वचा. येथे रंगाचा संबंध नाही हे नीट लक्षात घ्यावे. पांढरी भिंत आणि काळी भिंत गनच्या दृष्टीने जवळजवळ सारख्याच असतात. काळी भिंत उन्हात जास्त तापते, हा भाग वेगळा.

घोटाळा होतो तो उघड्या, चकचकीत धातूपाशी. पॉलिश केलेल्या अॅल्युमिनियमची किंवा तांब्या-पितळेची उत्सर्जकता ०.१ पेक्षाही कमी असते. घासून लख्ख केलेल्या स्टीलच्या पातेल्यात पाणी खळखळा उकळत असताना त्या पातेल्याच्या बाहेरच्या अंगावर गन धरून पाहावी: प्रत्यक्ष तापमान शंभराच्या जवळ असताना पडद्यावर पन्नासच्या आसपासचा आकडा येतो, कारण उरलेला हिस्सा समोरच्या ओट्याचा, भिंतीचा आणि मोजणाऱ्याच्या स्वतःच्या पोटाचा असतो. हा प्रयोग प्रत्येक नवशिक्याने पहिल्याच दिवशी घरी करावा असे मला वाटते. पुस्तकातली तक्त्यांची पाने वाचून जे उमजत नाही ते या एका पातेल्यापाशी उमजते.

उपाय सोपा आहे. धातू थंड असताना त्यावर इलेक्ट्रिकलची काळी टेप घट्ट, हवेचा बुडबुडा न ठेवता चिकटवावी, वस्तू तापल्यावर टेपचे तापमान धातूइतके होऊ द्यावे आणि मग टेपवर नेम धरावा. साधी टेप ८० अंशांच्या पुढे सैल पडते, तिथे उष्णता सोसणाऱ्या मॅट रंगाचा एक ठिपका देऊन ठेवावा. जुना गंजलेला, काजळलेला किंवा रंगवलेला धातू एवढा त्रास देत नाही. गनमध्ये उत्सर्जकता बदलण्याची सोय असेल, तर ०.९५ वर टेपचे तापमान घ्यावे, मग शेजारच्या उघड्या धातूवर नेम धरून तोच आकडा येईपर्यंत उत्सर्जकता कमी करत जावी. जिथे जुळेल ती त्या धातूची उत्सर्जकता. मात्र ही जुळणी करताना वस्तू सभोवतालापेक्षा बरीच गरम असली पाहिजे, कारण खोलीच्याच तापमानाला असलेली वस्तू कोणत्याही उत्सर्जकतेवर जवळजवळ बरोबरच दिसते आणि आपली जुळणी बिनचूक झाल्याचा खोटा दिलासा देते. अगदी आरशासारख्या धातूपुढे हीही युक्ती चालत नाही, तिथे टेपच वापरावी.

तिसरी पायरी : अंतर ठरवावे

गनच्या अंगावर ८:१, १२:१, ३०:१ असे काहीतरी लिहिलेले असते. १२:१ याचा अर्थ असा की, १२ सेंटिमीटर अंतरावरून ती १ सेंटिमीटर व्यासाच्या वर्तुळाचे सरासरी तापमान दाखवते, ६० सेंटिमीटरवरून ५ सेंटिमीटरच्या वर्तुळाचे आणि ३ मीटरवरून तब्बल २५ सेंटिमीटरच्या वर्तुळाचे. लाल ठिपका हरभऱ्याएवढा दिसतो म्हणून गनही हरभऱ्याएवढीच जागा मोजते, हा नवशिक्यांचा सर्वांत मोठा गैरसमज आहे. ३ मीटरवरून छतालगतच्या तारांच्या जोडणीवर ठिपका धरला, तर त्या २५ सेंटिमीटरच्या वर्तुळात जोडणी सुपारीएवढी आणि थंड भिंत परातीएवढी येते. आकडा अर्थातच भिंतीचा येतो.

मोजायची वस्तू वर्तुळाच्या किमान दुप्पट मोठी असावी, असा नियम ठेवावा. ४ सेंटिमीटरच्या बेअरिंगसाठी १२:१ ची गन २४ सेंटिमीटरच्या आत आणावी लागेल, आणि तेवढ्या जवळ जाणे सुरक्षित नसेल, तर मोठ्या गुणोत्तराची गन आणावी. अगदी जवळ गेल्यावर वेगळीच अडचण येते: लेझर भिंगाच्या किंचित वर किंवा बाजूला बसवलेला असतो, त्यामुळे वितीभर अंतरावर ठिपका एका जागी आणि मापनाचे वर्तुळ त्याच्या बोटभर खाली असते. आपल्या गनचा हा फरक एकदा पाहून ठेवावा. अंधूक खोलीत तापलेल्या इस्त्रीच्या कडेवरून गन हळूहळू खाली-वर सरकवली की, आकडा कुठे चढतो आणि ठिपका तेव्हा कुठे असतो हे सहज कळते.

चौथी पायरी : नेम, चाप आणि थोडा धीर

गन पृष्ठभागाला शक्यतो काटकोनात धरावी. फार तिरकी धरली तर वर्तुळाचा लंबगोल होतो आणि प्रतिबिंबाचा हिस्सा वाढतो. चाप ओढून एक-दोन सेकंद स्थिर धरावा, आकडा थांबला की सोडावा. सोडल्यावर तोच आकडा काही सेकंद पडद्यावर टिकून राहतो, तो नवे मापन समजू नये. एकाच जागेची तीन मापने घ्यावीत आणि ती अंशा-दीड अंशाच्या आत जुळली, तरच वहीत लिहावीत. सर्वांत गरम जागा शोधायची असेल, तर ‘मॅक्स’ची सोय चालू करून चाप दाबून ठेवावा आणि गन सावकाश, भिंत रंगवल्यासारखी, वर-खाली फिरवावी. घाईने फिरवल्यास संवेदकाला प्रतिसाद द्यायला सवड मिळत नाही.

नेम धरताना पाठीमागे आणि आजूबाजूला काय आहे ते पाहावे. भट्टी, हॅलोजन दिवा, खिडकीतून येणारे ऊन यांचे प्रतिबिंब आकडा वाढवते. स्वतःच्या अंगाची किंवा एखाद्या पुठ्ठ्याची आड धरून पाहिल्यास फरक लगेच दिसतो. पुठ्ठा आड धरल्याने आकडा बदलला, म्हणजे आधीच्या आकड्यात परक्याचा हिस्सा होता.

काचेतून मोजू नये. आपल्या डोळ्यांना पारदर्शक असलेली काच या किरणांना भिंतीसारखी असते, त्यामुळे ओव्हनच्या काचेतून केकवर किंवा पॅनेलच्या अॅक्रिलिक झाकणातून आतल्या स्विचवर नेम धरला, तर काचेचे किंवा झाकणाचेच तापमान मिळते. वाफ, धूर आणि दाट धूळ याही वाटेत किरण शोषतात आणि आकडा बिघडवतात. एसीच्या हवेचे तापमान हवे असेल, तर जाळीच्या तोंडाशी कागदाची एक पट्टी चिकटवून ती दोन-तीन मिनिटे झोतात फडफडू द्यावी आणि मग त्या कागदावर नेम धरावा. थेट जाळीत गन रोखली, तर आतल्या चकचकीत कॉइलचा आकडा मिळतो, आणि तोही अर्धवट.

प्रत्येक विचित्र आकडा मात्र चूक नसतो. उन्हाळ्यात पाझरणाऱ्या माठावर नेम धरला की आकडा खोलीच्या तापमानापेक्षा कित्येक अंशांनी खाली येतो, आणि तो खरा असतो. बाष्पीभवनाने माठाची पाठ थंड झालेली असते. कोरड्या हवेच्या विदर्भात हा फरक दमट कोकणापेक्षा जास्त दिसतो.

स्विचबोर्ड आणि मोटारीचा स्टार्टर

गनचा खरा उपयोग मला इथे वाटतो आणि खरा धोकाही इथेच. सैल झालेला स्क्रू, गंजलेला लग (तारेच्या टोकाला बसवलेला धातूचा जोड) किंवा अपुऱ्या जाडीची तार भार आल्यावर तापते, आणि आग लागण्याच्या कितीतरी आधी ही उष्णता गनला दिसू शकते. पण पॅनेलचे झाकण उघडणे हे परवानाधारक वायरमनचे काम आहे. घरमालकाने किंवा सोसायटीच्या सेक्रेटरीने स्वतः ते करू नये. उघड्या वीजवाहक भागावर टेप लावायला जाण्याचा विचारही मनात आणू नये. टेपची युक्ती वीज बंद असताना आधीच करून ठेवायची, नाहीतर करायचीच नाही.

नवखा माणूस लाल ठिपका तांब्याच्या लखलखीत पट्टीवर धरतो आणि ३८ अंश पाहून समाधानाने झाकण लावतो. एका कारखान्यात माझ्यासमोर असेच घडले होते. त्याच जोडणीच्या शेजारी तारेचे प्लास्टिकचे आवरण तपकिरी पडून आखडलेले होते आणि त्या आवरणावर नेम धरताच आकडा ९० च्या पुढे गेला. तेव्हापासून मी पट्टीकडे बघतच नाही. जोडणीला लागून असलेले तारेचे आवरण, एमसीबीचे (जादा भार आल्यावर आपोआप बंद होणाऱ्या स्विचचे) प्लास्टिकचे अंग, रंगवलेला किंवा काळवंडलेला भाग यांवरच नेम धरावा.

भार नसताना मोजण्यात अर्थ नाही. पंप, गिझर किंवा लिफ्ट निदान अर्धा तास नेहमीसारखी चाललेली असावी. नुसत्या आकड्यापेक्षा तुलना जास्त सांगते: लाल, पिवळा आणि निळा या तिन्ही फेजवर सारखाच भार असताना त्यांची आवरणे सारख्या जागी मोजावीत. तीन-चार अंशांच्या फरकाची नोंद ठेवून पुन्हा पाहावे, आणि १५ अंशांपेक्षा जास्त फरक आढळला, तर तो गंभीर दोष मानून भार काढून दुरुस्ती करावी. पॅनेलच्या आतले भाग लहान आणि सुरक्षित अंतर मोठे, अशी इथे कायमची ओढाताण असते. त्यात नेहमी अंतराची बाजू घ्यावी. १२:१ च्या गनला न पोहोचणारी जोडणी ३०:१ च्या गनसाठी किंवा थर्मल कॅमेरा असलेल्या माणसासाठी सोडून द्यावी.

मोटारीच्या बाबतीत तिच्या रंगवलेल्या अंगावर, दोन्ही टोकांच्या बेअरिंगपाशी ऑइलपेंटचा एक-एक ठिपका कायमचा देऊन ठेवावा आणि दर वेळी तिथेच मोजावे. ६० अंश हा आकडा एकटा असेल तर काही सांगत नाही. मागच्या महिन्यात त्याच भाराखाली, तशाच हवेत ४८ होता आणि आज ६० आहे, दुसरे टोक मात्र अजून ४७ वरच आहे, असे वहीत दिसले की ग्रीस संपल्याची किंवा बेअरिंग जाण्याची वर्दी मिळते.

चुलीपाशी आणि गुऱ्हाळात

लोखंडी, वापराने काळा झालेला तवा गनला फार मानवतो आणि नॉनस्टिक लेपही चालतो. तव्याचा मध्य आणि कड यांत मोठा फरक असल्याने एकच जागा धरून मोजावे. तेल तळणीसाठी तपासताना कढईत ते निदान बोटभर खोल असावे. पातळ थरातून खालचा चकचकीत तळ डोकावतो. वरवरचा थर आणि खालचे तेल सारखे नसते, म्हणून झाऱ्याने ढवळून, आच क्षणभर कमी करून, बाजूने आणि हात लांब ठेवून मोजावे. तळणीला साधारण १६० ते १९० अंशांचे तेल लागते. विरजण लावताना दूध ४० ते ४५ अंशांच्या दरम्यान हवे असते. तिथेही आधी साय बाजूला सारून ढवळून घ्यावे, नाहीतर वरून निवलेल्या सायीचा आकडा येईल. मांस आतपर्यंत शिजले की नाही, हे मात्र गनला विचारू नये, कारण तिला फक्त वरची साल दिसते. तिथे टोचायचा तापमापकच हवा.

कोल्हापूरकडच्या गुऱ्हाळांत काहिलीतला पाक घट्ट गुळासाठी ११६ ते ११८ अंशांपर्यंत आणि काकवीसाठी १०५-१०६ अंशांपर्यंत आटवतात. त्या वेळी काहिलीवर वाफेचा लोट आणि फेसाची साय असते, त्यामुळे गन हमखास कमी आकडा दाखवते आणि त्यावर विसंबून आणखी आच दिली, तर गूळ करपतो. जुन्या गुळव्याची थेंबभर पाक थंड पाण्यात टाकून गोळी पाहण्याची रीत अशा ठिकाणी गनपेक्षा भरवशाची ठरते. आकडाच हवा असेल, तर पाकात बुडवायचा लांब दांड्याचा तापमापक घ्यावा.

अंगातला ताप

कारखान्याच्या गनने माणसाचा ताप पाहू नये. तिची अचूकता अधिक-उणे दीड ते दोन अंश सेल्सिअस असते, आणि ३७ व ३८ मधल्या एका अंशावरच तर ताप आहे की नाही हे ठरते. वैद्यकीय गन वेगळी असते. ती कपाळाच्या त्वचेचे तापमान घेऊन त्यात हिशेबाने भर घालते आणि शरीराचे तापमान दाखवते. अशा गनवर ‘शरीर’ आणि ‘पृष्ठभाग’ असे दोन पर्याय असतात. चुकून दुसरा लागला, तर धडधाकट माणूसही ३३-३४ अंशांचा दिसतो. २०२० मध्ये फाटकावर उभ्या असलेल्या सुरक्षारक्षकांनी मनगटावर घेतलेले असे कितीतरी आकडे वहीत लिहिले गेले, आणि त्यांचा तापाशी फारसा संबंध नव्हता.

उन्हातून आलेल्या माणसाला १५ ते ३० मिनिटे सावलीत बसू द्यावे. कपाळावरचा घाम, तेल, गंध किंवा टिकली पुसून-काढून, केस मागे सारून, कपाळाच्या मधोमध, माहितीपत्रकात दिलेल्या अंतरावरून, बहुधा ३ ते ५ सेंटिमीटरवरून, पंख्याचा झोत टाळून मोजावे. आकडा शंकास्पद वाटला, तर काखेत किंवा तोंडात ठेवायच्या डिजिटल तापमापकाने खात्री करून घ्यावी आणि लहान बाळाच्या बाबतीत तर डॉक्टरांना विचारावे.

बर्फाची परीक्षा आणि निगा

गन खरे बोलते आहे का, हे घरी तपासता येते. प्लास्टिकच्या किंवा थर्मोकोलच्या पेल्यात कुटलेला बर्फ काठोकाठ भरावा, फटी भरतील एवढेच थंड पाणी घालावे, मिनिटभर ढवळावे आणि उत्सर्जकता ०.९५ ठेवून वरून सरळ नेम धरावा. मापनाचे वर्तुळ पूर्णपणे बर्फावरच पडेल इतके जवळ जावे, पण भिंगावर दव धरेल इतके नाही. आकडा ० च्या अंशभर वर-खाली आला तर उत्तम. माहितीपत्रकात दिलेल्या मर्यादेच्या बाहेर सातत्याने जात असेल, तर गनवर विसंबू नये. उकळत्या पाण्याची परीक्षा मी सुचवत नाही. एक तर वाफ आड येते, आणि दुसरे म्हणजे पाणी सगळीकडे १०० अंशांवर उकळतही नाही: पुण्यात ते साधारण ९८ अंशांवर आणि महाबळेश्वरात ९६ अंशांच्याही किंचित आधी उकळते. ज्यांच्या मापनावर मालाची प्रत किंवा कामगारांची सुरक्षितता अवलंबून आहे, त्यांनी एनएबीएलची, म्हणजे तपासणी प्रयोगशाळांना मान्यता देणाऱ्या राष्ट्रीय मंडळाची, मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून वर्षाकाठी एकदा गन तपासून घ्यावी, आणि तपासणी आपण प्रत्यक्ष वापरतो त्या तापमानाला करून मागावी. ५० अंशांचे प्रमाणपत्र ३०० अंशांच्या कामाला पुरे पडत नाही.

भिंग खराब झाले की आकडे हळूहळू घसरतात आणि ते लवकर लक्षात येत नाही. पिठाची धूळ, तळणीचा तेलकट धूर आणि बोटाचे ठसे हे त्याचे नेहमीचे शत्रू. आधी छोट्या ब्लोअरने धूळ उडवावी, मग कापसाची काडी आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओली करून भिंगावरून हलकेच फिरवावी आणि पूर्ण सुकल्यावरच गन चालू करावी. शर्टाच्या टोकाने भिंग पुसू नये. स्वस्त गनचे भिंग बहुधा प्लास्टिकचे असते आणि त्यावर चरे पटकन पडतात. पडद्यावर बॅटरीची खूण लुकलुकू लागली की त्या दिवशीचे आकडे वहीत लिहू नयेत, आधी बॅटरी बदलावी. महिनाभर गन वापरायची नसेल, तर बॅटरी काढून गन डब्यात ठेवावी आणि पावसाळ्यात त्याच डब्यात सिलिका जेलची एक पुडी टाकावी.